तीन पिढ्या, तीन नावे आणि एक कादंबरीकार

लेखकाला लिहिण्यासाठी निवांतपणा लागतो, असे आपण धरूनच चालतो. घरात कटकट नाही, नोकरीची घाई नाही, खिडकीबाहेर डोंगर किंवा समुद्र आणि टेबलावर कोरे कागद! उर्दूतील थोर कादंबरीकार कुर्रतुलऐन हैदर यांचे आयुष्य पाहिले की हा समज टिकत नाही. वडील लवकर गेले. विशीत पाऊल टाकले आणि देशाची फाळणी होऊन घर सुटले. पोटासाठी सरकारी खात्यात, वकिलातीत, विमान कंपनीत आणि मासिकांच्या कचेऱ्यांत नोकऱ्या केल्या. भारत, पाकिस्तान, इंग्लंड असे तीन देशांत राहणे झाले. लिहिणे मात्र थांबले नाही.

उर्दू जगतात त्यांना 'ऐनी आपा' म्हणत. १९८९ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. फिराक गोरखपुरी यांच्यानंतर हा मान मिळवणाऱ्या त्या उर्दूतील दुसऱ्या साहित्यिक. मराठी शाळांत शिकलेल्या आपल्या नव्या पिढीला हे नाव फारसे माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनाही ते एका जाडजूड कादंबरीमुळे. आम्हाला आज त्यांच्या पुरस्कारांपेक्षा एका वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे. ऐनी आपांच्या लेखनाचे भांडवल मुख्यतः दोन ठिकाणांहून आले. एक, घरातल्या माणसांच्या आठवणी, दुसरे, प्रवास. या दोन्ही गोष्टी थोड्याफार प्रमाणात आपल्या प्रत्येक घरात असतात. त्यांनी त्या कागदावर उतरवल्या, आपण उतरवत नाही. फरक पडतो तो इथे.

नाव झाकून लिहिणाऱ्या बायका

ऐनी आपांचा जन्म २० जानेवारी १९२७ रोजी अलीगढ येथे झाला. त्यांच्या आधी घरात लेखणी होती, आणि ती बायकांच्याही हातात होती.

आईच्या बाजूने पाहू. आईची फुफी अकबरी बेगम यांनी 'गूदड का लाल' ही कादंबरी लिहिली. ती १९०७ साली निघाली. मुलींच्या शिक्षणाची बाजू घेणारे हे पुस्तक त्या काळी घरोघर वाचले गेले. पण त्यावर लेखिकेचे नाव नव्हते. त्या जागी छापले होते 'वालिदा अफजल अली', म्हणजे अफजल अलीची आई. शरीफ घराण्यातील बाईचे नाव परक्या पुरुषांच्या नजरेला पडू नये, अशी तेव्हाची रीत होती.

पुढची पिढी आईची. त्या लग्नाआधीच लिहू लागल्या. तेव्हा त्या सही करत 'बिन्ते नजरुल बाकर', म्हणजे नजरुल बाकर यांची मुलगी. १९१२ मध्ये सज्जाद हैदर यांच्याशी लग्न झाले आणि त्या 'नजर सज्जाद हैदर' या नावाने लिहू लागल्या. निम्मे नाव आपले, निम्मे पतीचे. लाहोरहून निघणाऱ्या 'तहजीबे निस्वाँ' या स्त्रियांच्या पत्रात त्यांचे लेख येत. हे पत्र १८९८ मध्ये सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी सुरू केले होते. मुलांसाठी निघणाऱ्या 'फूल' या पत्राचे संपादनही नजर यांनी केले. त्या काळात पडदा सोडणाऱ्या उत्तर हिंदुस्तानातील पहिल्या काही मुस्लिम स्त्रियांपैकी त्या एक होत्या.

तिसरी पिढी ऐनी आपांची. त्यांनी स्वतःच्या पूर्ण नावाने लिहिले. शाळकरी वयात त्यांची गोष्ट 'फूल'मध्ये छापून आली, तेव्हा तिच्याखाली ना कुणाची आई होती, ना कुणाची मुलगी. 'वालिदा अफजल अली' पासून 'कुर्रतुलऐन हैदर' पर्यंतचे हे अंतर साधारण तीस-पस्तीस वर्षांत कापले गेले. एकाच घरात, एका मागोमाग एक लिहिणाऱ्या बायकांनी ते कापले. आणि या प्रवासात स्त्रियांसाठी व मुलांसाठी निघणाऱ्या छोट्या नियतकालिकांचा मोठा हात होता, हे घरगुती मासिकाच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

वडिलांची बाजूही लहान नव्हती. सज्जाद हैदर हे बिजनौर जिल्ह्यातील नेहटौर गावचे. त्यांना तुर्की भाषेचा मोठा नाद. 'यलदरम' हे टोपणनाव त्यांनी तुर्कीतूनच घेतले. त्याचा अर्थ वीज. तुर्की कथा-नाटके त्यांनी उर्दूत आणली. ब्रिटिशांच्या बगदाद येथील वकिलातीत त्यांनी काम केले. १९२० मध्ये अलीगढ विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ते पहिले रजिस्ट्रार झाले. पुढे सरकारी नोकरीने त्यांना थेट अंदमानला नेले. त्यामुळे ऐनी आपांच्या बालपणात पोर्ट ब्लेअरचा समुद्र आहे, संयुक्त प्रांतातील जिल्ह्याची गावे आहेत आणि देहरादूनची थंडी आहे. बदलीच्या नोकरीत असलेल्या आईबापांची मुले जे अनुभवतात, तेच हे. सामान बांधायचे, नव्या गावी जायचे, जुन्या गावाची आठवण काढायची. प्रवास आणि आठवण यांची गाठ त्यांच्या बाबतीत अशी लहानपणीच पडली.

फाळणी आणि 'आग का दरिया'

१९४३ मध्ये वडील वारले. ऐनी आपा तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. त्यांनी शिक्षण चालू ठेवले. लखनौच्या इसाबेला थोबर्न कॉलेजात त्या शिकल्या आणि लखनौ विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एम. ए. झाल्या. १९४७ मध्ये 'सितारों से आगे' हा पहिला कथासंग्रह आला आणि त्याच वर्षी देशाची फाळणी झाली. वर्षाच्या अखेरीस कुटुंबाबरोबर त्यांनाही कराचीला जावे लागले.

तिथे त्यांनी माहिती खात्यात नोकरी केली, लंडनच्या वकिलातीत वृत्तपत्रसंपर्काचे काम पाहिले, विमान कंपनीत माहिती अधिकारी म्हणून काम केले. या धावपळीत 'मेरे भी सनमखाने' (१९४९) आणि 'सफीना-ए-गमे दिल' (१९५२) या दोन कादंबऱ्या झाल्या. त्यानंतर १९५९ मध्ये लाहोरहून 'आग का दरिया' प्रसिद्ध झाली.

या कादंबरीचा पट सुमारे अडीच हजार वर्षांचा आहे. पहिल्या भागात श्रावस्तीजवळच्या आश्रमात शिकणारा गौतम नीलांबर भेटतो. दुसऱ्या भागात बाहेरच्या मुलखातून आलेला अबुल मन्सूर कमालुद्दीन जौनपूरच्या शर्की सुलतानाच्या पदरी राहतो. तो इथल्या मातीत इतका मुरतो की अखेर बंगालमध्ये साधा शेतकरी होऊन जगतो. तिसऱ्या भागात कंपनी सरकारचा इंग्रज सिरिल अॅशली आणि नवाबी लखनौ. चौथ्या भागात तीच नावे पुन्हा येतात: गौतम, कमाल, चंपा. पण आता ती लखनौच्या कॉलेजात शिकणारी तरुण मुले आहेत आणि फाळणी त्यांच्या दारात उभी आहे.

शेवटच्या भागातील कमालची गोष्ट वाचताना जीव तुटतो. त्याला भारतातच राहायचे आहे. इंग्लंडहून शिकून तो परत येतो. पण नोकरी मिळत नाही, आणि बापजाद्यांची हवेली 'निर्वासितांची मालमत्ता' ठरवून सरकारजमा होते. ज्याने घर सोडलेच नव्हते त्याला कागदाने निर्वासित केले! नाइलाजाने तो कराचीची वाट धरतो. चंपा मात्र बनारसला परतते. ज्या बाईकडे ना इस्टेट आहे ना ओळखी, ती आपल्या गावी राहायचे ठरवते. लेखिका कुणाला दोषी ठरवत नाही, कुणाला शाबासकीही देत नाही. दोघांच्या वाटा आपल्यासमोर मांडते.

घर सुटण्याचे दुःख लेखिकेचे स्वतःचे होते. पण त्यांनी फक्त आपल्या घराचे रडगाणे गायले नाही. आपले घर कुठून आले, कोणाकोणाच्या सहवासात बनले, याचा शोध त्या अडीच हजार वर्षे मागे घेऊन गेल्या. वैयक्तिक आठवण आणि साहित्य यांतला फरक इथे दिसतो.

मुंबईची वर्षे

१९६० नंतर थोड्याच काळात त्या भारतात परतल्या आणि मुंबईत स्थायिक झाल्या. आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा संबंध येतो तो इथे. १९६४ ते १९६८ त्यांनी 'इंप्रिंट' या इंग्रजी मासिकाचे संपादन सांभाळले. नंतर १९७५ पर्यंत 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'च्या संपादक मंडळात काम केले. म्हणजे दिवसभर कचेरीत इंग्रजी मजकूर तपासायचा आणि स्वतःची कथा-कादंबरी उर्दूत लिहायची. त्यांनी लग्न केले नाही. स्वतःचा चरितार्थ स्वतः चालवला.

याच काळात आलेल्या 'पतझड की आवाज' या कथासंग्रहाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी आई नजर सज्जाद हैदर यांचे निधन झाले. शिवाय अनुवादही चालूच होते. हेन्री जेम्स यांची मोठी इंग्रजी कादंबरी त्यांनी उर्दूत आणली. अली सरदार जाफरी यांच्याबरोबर गालिबवर इंग्रजी पुस्तक केले.

दोन भाषांत जगणाऱ्या आपल्या घरांना यातून एक धीर मिळतो. शाळेत मराठी, घरात उर्दू किंवा दखनी किंवा कोकणी, नोकरीत इंग्रजी, अशी आपली ओढाताण असते. मुलांची एकही भाषा धड होत नाही, अशी तक्रार पालक आमच्याकडे करतात. ऐनी आपांनी एका भाषेसाठी दुसरी सोडली नाही. उलट 'आग का दरिया' त्यांनी स्वतःच इंग्रजीत नव्याने लिहिली. ते पुस्तक १९९८ मध्ये आले, मूळ कादंबरीनंतर ३९ वर्षांनी, वयाच्या सत्तरीनंतर!

शजऱ्यात नसलेली माणसे

१९७७ मध्ये 'कारे जहाँ दराज है' या ग्रंथाचा पहिला भाग आला आणि १९७९ मध्ये दुसरा. पुढे बऱ्याच वर्षांनी तिसराही निघाला. लेखिकेने त्याला चरित्रात्मक कादंबरी म्हटले. ही त्यांच्याच खानदानाची कहाणी आहे. मध्य आशियातील तिर्मिझहून हिंदुस्तानात आलेल्या पूर्वजापासून ती सुरू होते. १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिल्याने गेलेली जहागीर, मग इंग्रजी शिकून नोकरीत शिरलेली पिढी, अलीगढ, फाळणी, कराची, लंडन आणि मुंबई, असा तिचा प्रवास होतो.

बऱ्याच जुन्या घराण्यांत शजरा असतो. अमुकचा मुलगा तमुक, तमुकचा मुलगा अमुक. त्यात बहुधा मुलींची नावे नसतात. आई, बहीण, फुफी कुठे गेल्या ते कळत नाही. ऐनी आपांनी या शजऱ्यात माणसे भरली. त्यात अकबरी बेगम आहेत, आई आहे, नात्यातल्या बायका आहेत, नोकरचाकर आहेत. त्यांचे हट्ट, भांडणे, विनोद, आजारपणे आहेत. साधने कोणती? आईच्या रोजनिशीतील मजकूर, जुनी पत्रे, नियतकालिकांचे जुने अंक आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या हकिगती. आईने आपले दिवस लिहून ठेवले होते, म्हणून मुलीला ग्रंथ लिहिता आला.

हे ऋण त्या विसरल्या नाहीत. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी आईच्या विखुरलेल्या कादंबऱ्या आणि रोजनिशी गोळा करून प्रसिद्ध केल्या. मुलगी मोठी लेखिका झाली आणि मग तिने आपल्या आईला पुन्हा वाचकांसमोर आणले.

प्रवासात काय पाहावे

ऐनी आपा खूप फिरल्या. १९५७ मध्ये लेखकांच्या परिषदेसाठी त्या जपानला गेल्या. त्यावर 'सितंबर का चाँद' लिहिले. इराणवर 'कोहे दमावंद', सोव्हिएत देशावर 'गुलगश्त', अमेरिकेवर 'जहाने दीगर'. आपल्या दख्खनवरही त्यांनी लिहिले. पण प्रवासवर्णने लिहून त्या थांबल्या नाहीत. पाहिलेला मुलूख त्यांच्या कथांत उतरला.

'चाय के बाग' ही लघुकादंबरी घ्या. ती सिल्हेटच्या चहामळ्यांत घडते. तिथली हिरवळ, साहेबी बंगले आणि मेजवान्या दिसतात, तसे दूरच्या प्रांतांतून आणलेले, कुठल्याच देशाचे न राहिलेले मजूरही दिसतात. 'सीता हरण'ची नायिका सीता मीरचंदानी ही सिंधी मुलगी. फाळणीत तिचे कराचीचे घर सुटले. पुढे ती दिल्ली, न्यूयॉर्क, कोलंबो अशी भटकत राहते. मुसलमान लेखिकेने हिंदू निर्वासित मुलीचे दुःख इतक्या आपुलकीने लिहावे, ही मोठी गोष्ट आहे. स्वतःचे घर गमावले म्हणून दुसऱ्याच्या गमावलेल्या घराकडे पाठ फिरवली नाही. 'आखिरे शब के हमसफर'मध्ये बंगालच्या क्रांतिकारक तरुणांपासून बांगलादेशच्या जन्मापर्यंतचा काळ येतो. यातला मुलूखही त्यांच्या पाहण्यातला होता.

आपणही प्रवास करतो. लग्नांना जातो, उरुसाला जातो, आखातातल्या मुलाकडे जातो, हज-उमराहला जातो. परत आल्यावर मोबाईलमध्ये शेकडो फोटो असतात. पण गाडीत शेजारी बसलेली बाई कुठून कुठे चालली होती, हे कुणी लिहीत नाही. ऐनी आपा ते टिपत.

त्यांच्यावर टीकाही झाली

सगळेच कौतुक झाले असे नाही. सुरुवातीच्या काळात त्यांच्या कथांत फक्त कोठ्या-बंगल्यांतली, इंग्रजी बोलणारी, पियानो वाजवणारी मंडळी असतात, अशी टीका झाली. इस्मत चुगताई यांनी तर 'पोम पोम डार्लिंग' नावाचा खरमरीत लेख लिहून त्यांची टर उडवली. वाचकांचीही तक्रार असते की पुस्तके कठीण आहेत, पात्रे फार आहेत, मध्येच तत्त्वज्ञान येते.

यात तथ्य आहे. 'आग का दरिया'चे पहिले शंभर पाने नेटाने वाचावे लागते. ज्यांना उर्दू कथावाचनाची सवय नाही त्यांनी आधी त्यांच्या कथा किंवा 'सीता हरण' घ्यावे, असे आम्ही सुचवू. पुढे त्यांचे जगही रुंदावले. लखनौच्या गल्लीत गाणी म्हणून पोट भरणारी आणि शेवटी चिकनच्या कपड्यावर टाके घालत बसणारी बाई त्यांनी तितक्याच जिव्हाळ्याने रंगवली. टीका ऐकून त्या गप्प बसल्या नाहीत आणि आपले घर नाकारूनही बसल्या नाहीत.

आपल्या घरातली पेटी

आता आपल्याकडे वळू. आम्ही वर्गात मुलांना घराण्याची माहिती लिहून आणायला सांगतो. आजोबांचे नाव सर्वांना येते, पणजोबांचे निम्म्यांना. पणजीच्या नावापाशी बहुतेक वह्या कोऱ्या राहतात. घरी विचारले तर उत्तर मिळते, "सगळे त्यांना बडी अम्माच म्हणायचे." अफजल अलीची आई आजही आपल्या घरात आहे.

दुसरी अडचण लिपीची. अनेक घरांत लोखंडी पेटीत जुनी पत्रे आहेत. आफ्रिकेतून, जहाजावरून, कुवेतहून दादांनी लिहिलेली. ती उर्दूत आहेत आणि नातवंडे मराठी किंवा इंग्रजी माध्यमातली. वाचणारे माणूस गेले की तो कागद रद्दीत जातो किंवा वाळवीच्या तोंडी पडतो. पुढच्या दहा वर्षांत हे वाचू शकणारे आणखी किती जण उरतील, याचा ज्याने त्याने आपल्या घरापुरता हिशोब करावा.

कादंबरी लिहायची नाही, पण एवढे करता येईल. शंभर पानी वही आणावी. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे घालावीत, बायकांची आधी. घरातील उर्दू जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांना पत्र मोठ्याने वाचायला सांगावे आणि मुलांनी ते देवनागरीत उतरवावे. यात दादीचा वेळ बरा जातो आणि नातवाच्या कानाला उर्दू लागते.

वर्षे आठवत नसतील तर घटना विचाराव्यात. रामदास बोट बुडाली तेव्हा तुम्ही केवढ्या होता? म्हणजे १९४७. पानशेतचा पूर म्हणजे १९६१. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा. दुष्काळ १९७२ चा. मराठवाड्यातल्या घरांत १९४८ च्या सप्टेंबरबद्दल विचारताना मात्र घाई करू नये. त्या आठवणी सांगायला माणूस तयार होईपर्यंत थांबावे. सांगितले तर जसे सांगितले तसे लिहावे, आपल्या मनाचे तिखट-मीठ लावू नये. ज्या शेजाऱ्याने आसरा दिला त्याचे नावही लिहावे.

ऐनी आपांचे निधन २१ ऑगस्ट २००७ रोजी नोएडा येथे झाले. दिल्लीत जामिया मिल्लियाच्या कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आले. त्यांच्यासारखे लिहिणे सर्वांना जमणार नाही, जमायचे कारणही नाही. पण 'वालिदा अफजल अली' यांचे खरे नाव अकबरी बेगम होते, हे आज आपल्याला सांगता येते. कारण त्या घरात कुणीतरी ते लिहून ठेवले.